विलासच्या कार्डाचा पंखा

घुग्घुस, १४ मार्च २००४

आज सगळ्यांसमोर विलासचं ग्राफिक्स कार्ड हरलं. त्याचं १२८ एमबीचं, माझं ६४चं, हे तो महिनाभर ऐकवून राह्यला होता. एकच गेम दोघांच्या कॉम्प्युटरवर लावला. दहा मिनिटांत त्याचा अडखळायला लागला. सारे हसले. मी जरा जास्तच.

पण त्याच्या कार्डाचा पंखा सिमेंटच्या धुळीनं जाम होता, म्हणून कार्ड तापून अडखळत होतं. त्याच्या कॉम्प्युटरचा डबा मीच उघडला होता, मले दिसलं. इथी आम्ही सारे दर रविवारी सायकलच्या पंपानं धूळ उडवतो. तो कॉलनीत नवा. त्याले काऊन सांगू?

"भाऊ, कार्डच खराब आहे का?"

"भंगार आहे. फेक."

त्यानं फेकलं. मी उचललं, पंप मारला, माझ्या कॉम्प्युटरमध्ये लावलं. पंखा मस्त फिरून राह्यला.

माझं ६४चं विलासले देऊन आलो. त्यानं हात जोडले.