पाहुण्यांसाठी झाडलेली बाग

तर आक्का, गाडीतून सगळ्यात आधी उतरली ती नवरी मुलगीच. तिच्या मागून बाप, तात्यासाहेब, अन् त्याच्या मागून पेढ्याचा पुडा छातीशी धरलेली आई. मुलगी स्वतःच मुलाचं घर पाहायला आली, असं आपल्याकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मला तर लई गार वाटलं. मला माझा नवरा दिसला तो अंतरपाट सरकल्यावर, अन् तवर उशीर झाला व्हता.

थांब, नमस्कार राहिलाच. सुगंधाआक्काच्या पायावर डोकं ठेवून धाकट्या सारजाचा नमस्कार. गारखेड्याला थंडी कशी हाये, गुडघा कसा हाये? लिफ्ट बंद पडली की तू तिसऱ्या मजल्यावरून खालीच येत नाय म्हणं. नको येऊ, खाली तरी काय ठेवलंय. माझी तब्येत बरी. दात गेले, जीभ शाबूत हाये. (दुसरीतून शाळा सुटली माझी, काना-मात्रा तूच लावून घे.)

आता गोकुळचं सांगते. माझ्या बन्सीचा हा पोरगा, खुलताबादच्या माळावरची आपली दोन एकर द्राक्षं तोच बघतो. चार वर्षं झाली, त्यानं बागेत विषाचा थेंब पडू दिला नाय. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात आंबवतो अन् वेलींना घालतो. (वासानं शेजारच्या सांडूनं आपली बाज उचलून दुसऱ्या अंगणात नेली. आम्हाला काही तो जवळ नकोच व्हता.) गवत उपटत नाय, गुडघ्याएवढं वाढू देतो, मग विळ्यानं कापून वेलींच्या बुडाशी अंथरतो. त्यानं ओल टिकते अन् गांडुळं येतात. गाव काय म्हणतं? सारजाबाई, नातवानं बाग केली का कुरण? अन् मुलीवाले बांधापर्यंत येत, गवत पाहत, चहा न पिताच माघारी जात. कंपनीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारा जावई चालतो त्यांना. दिवसभर जागा असणारा चालत नाय. गोकुळ तिशीला आला, कानावरचे केस पांढरे झाले. पोरगा बोलत नाय, पण दसऱ्याला नवा सदरा घेतला त्याची अजून घडी मोडली नाय.

म्हणून या प्रेरणाचं स्थळ आलं तेव्हा मी देवाला खोबऱ्याची वाटी कबूल केली. शेतीचं शिकलीय. गोकुळ मोबाइलवर गांडुळांचे व्हिडिओ टाकतो ते तिनं पाहिले, अन् बापाला म्हणाली, मला ती बाग पाहायची. मुलगा पाहायचा नाय म्हणाली, बाग. बाप निघाला तो पोरीच्या हट्टापायी.

अन् आमच्या घरानं काय केलं म्हणशील? गोकुळ आठवडाभर नाशिकला शिकायला गेला, तेवढ्यात बन्सीनं पाठीला पंप लावला अन् सगळ्या गवतावर तणनाशक मारलं. (मी एवढंच म्हणले व्हते की पाहुणे येणार अन् दारात गवत, लोक म्हणतील घरात बाईमाणूस हाये का नाय.) चार दिवसांत गवत पिवळं पडलं, मग काळं. गोकुळ आला, बागेत उभा राहिला, अन् पाहुण्यांना नका बोलवू एवढंच म्हणाला. कुणी ऐकलं? जळकं गवत मी स्वतः खराट्यानं लोटलं, वेलींच्या दोन ओळींमधून सडा टाकला अन् तोंडाशी रांगोळी काढली. बाग अशी दिसत व्हती, जसं कुणी गेल्यावर सुतकाचं घर धुवून काढावं.

तात्यासाहेब बेहद्द खूश. बाग असावी तर अशी म्हणाले. बन्सी अशा थाटात चालला जसा काय वेली त्यानंच वाढवल्या. पोरगी मात्र साडी सावरून खाली बसली, बोटांनी माती उकरली, अजून उकरली. मग वर पाहून म्हणाली, "गवत खुरपलंय का मारलंय?"

बन्सी म्हणाला, बाया लावून खुरपलं. बाया कुठल्या, मी एकटी बाई तिथं, अन् मी रांगोळीकडं पाहत राहिले.

गोकुळ म्हणाला, "तणनाशक मारलंय. चार वर्षांत पहिल्यांदा. आता परत पहिल्यापासून."

कुणी मारलं ते सांगितलं नाय त्यानं. त्याचा बाप शेजारीच उभा व्हता. पोरीनं एकदा बन्सीकडं पाहिलं, एकदा गोकुळकडं, अन् विहिरीकडं चालू लागली. मला वाटलं गाडीत बसायला निघाली, पोह्यांवर झाकण ठेवावं.

पण विहिरीच्या अंगाला हिरवी पट्टी राहिलीय. तिथपर्यंत फवारत जाताजाता बन्सीची पाठ धरली व्हती. (देव त्याची पाठ सालोसाल अशीच धरो.) पोरीनं तिथं उकरलं अन् गोकुळला हाक मारली, पहिल्यांदा नावानं. दोघं तिथं बसली ती बसलीच. इकडं थोरली माणसं पोह्याच्या बशा घेऊन उभी, पोहे गार, लिंबू सुकलं, अन् मी आक्का, इतक्या वर्षांत इतकी हसले नव्हते.

जाताना तात्यासाहेब म्हणाले, कळवू. कळवू म्हणजे काय ते आपल्याला कळतं. पण पोरगी गाडीच्या काचेतून मला म्हणाली, "आजी, गवत परत येतं का ते बघायला मी येते. तेवढं राहू द्या." तिनं दिवसही सांगितला.

बाकी सर्व ठीक. थोरल्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी सारजा

ता. क. पत्राचं खरं कारण हे. बन्सी काल विहिरीच्या अंगाला उभा राहून म्हणत व्हता, एवढाच तुकडा घाण राहिला, पाहुणे परत यायच्या आत हा बी साफ करू. तर आक्का, तू आठ दिवस आधी त्याला बोलावून घे. जिन्यात पडले म्हण. पाठीचं नाव काढू नको, त्याला आपलीच आठवंल.

ता. क. मलाही बोलाव. आज सकाळी खराटा घेऊन मी त्या पट्टीपर्यंत कधी पोचले, मला कळलंच नाय. गोकुळनं तो माझ्या हातातून घेतला अन् माझा हात पोचणार नाय अशा आढ्याला खोचला. घरची माणसं नसली तर पोराचं जमंल असं वाटतं.

पाहुणे वसंतपंचमीला येणार हायेत.