कार्डावरचं शेवटचं वाक्य

४ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात ग्रंथालय असू शकतं, हेच मला जाहिरात वाचेपर्यंत माहीत नव्हतं. आता मी तिथला सहायक आहे. दोन खोल्या, अकरा कपाटं आणि पान ओढण्याआधी दोनदा खाकरणारा एक प्रिंटर. खिडकीतून पॉलिश खातं दिसतं. निळे डगले घातलेली माणसं काच घासतात, उजेडात धरतात, पुन्हा घासतात.

इथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाचे डोळे तपासून चष्मा फुकट देतात. तक्त्यावरची शेवटची ओळ मला धूसर दिसत होती, मी आपली ठोकून दिली. पाचांतली चार अक्षरं चुकली. तपासणारे गृहस्थ हसले नाहीत. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणावं, अंदाज सांगू नये, एवढंच म्हणाले. जरा ओशाळलो. चष्मा मात्र झकास बसलाय.

साहेब म्हणजे ग्रंथपाल. त्यांना पाठीमागे सगळे 'पूर्णविराम' म्हणतात, कारण हातात येईल ते, अगदी गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा, ते पूर्णविरामापर्यंत वाचतात. माणूस भला वाटतो.

५ फेब्रुवारी, मंगळवार

माझं खरं काम आज कळलं, आणि ते जणू माझ्यासाठीच काढलेलं आहे. त्याला इथे 'वेचणी' म्हणतात. रोज सकाळी इंटरनेटवरून काहीतरी नवं, शिकण्यासारखं शोधायचं, छापायचं आणि चहाच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर लावायचं. सुट्टीत साडेतीनशे माणसं कप हातात घेऊन ते वाचतात. त्यांनाही काही सापडलं तर तेही आणून देतात. पॉलिश खात्यातल्या एक बाई अशाच वाचून वाचून तारे ओळखायला शिकल्या म्हणे.

नियम एकच. छापील पानांखाली एक कार्ड टाचायचं आणि त्यावर लेखाचं शेवटचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहायचं. पूर्ण वाचल्याची ती खूण. साहेब म्हणाले की हल्ली लोक मथळा वाचून पुढे ढकलतात, तेवढं इथे चालत नाही.

घरी मला सगळे ज्ञानकोश म्हणायचे. सकाळी सातला माझं काहीतरी आलं नाही तर आई फोन करून विचारायची, आज बरं नाही का म्हणून. पण घरचं इथे काही लिहायचं नाही असं ठरवूनच ही वही घेतली आहे. असो.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवसांत चार वेचण्या. मुंग्यांना परतीची वाट कशी सापडते, हा लेख फारच गाजला. पॉलिशवाल्या बाईंनी दोनदा वाचला आणि मला येऊन प्रश्न विचारले. मी इकडचं तिकडचं सांगून वेळ मारून नेली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. तो लेख मी अर्धाच वाचला होता. लेख लांब, वेळ थोडा, आणि अर्ध्यात मुद्दा कळतोच की. कार्डासाठी एक वाक्य मला सापडलंय, ते कशालाही चालतं: 'याविषयी अजून संशोधन चालू आहे.' मुंग्यांना चाललं, काचेला चाललं, जिराफाच्या झोपेलाही चालेल. स्वतःवर जाम खूश होतो. आता लिहिताना तितकं हसू येत नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. मुंग्यांचा लेख त्यांनी घरी नेऊन वाचला होता. त्याचं शेवटचं वाक्य वेगळं आहे, असं ते इतक्या हळू म्हणाले की शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसेल. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, नजरचुकीनं झालं. त्यांनी माझ्या नव्या चष्म्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

कान गरम झाले होते. जेवणाच्या सुट्टीत खाली गेलोच नाही. उद्यापासून शेवटपर्यंत वाचणार. शपथ.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

शपथ एक दिवस टिकली नाही. जिराफाचा लेख सोळा पानी निघाला. तिसऱ्या पानावर थांबलो आणि कार्डावर तेच वाक्य लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

चहाच्या वेळी फळ्यापुढे नेहमीपेक्षा शांतता होती. सगळे गेल्यावर जवळ गेलो. कार्डावर लिहिलं होतं: 'त्या घरात एक आई होती आणि तिचे गुडघे दुखायचे.'

अक्षर माझं. 'ण'ची शेपटी मी जशी खाली ओढतो तशीच ओढलेली.

चुकून लिहून गेलो असेन. मनात काही चालू असलं की हात भलतंच लिहितो. कार्ड फाडून दुसरं लावलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज काच कशी बनते त्याचा लेख. सगळा वाचला, अगदी साहेबांसारखा. शेवटचं वाक्य अक्षरन् अक्षर उतरवलं. टाचल्यावर दोनदा तपासलं.

सुट्टी संपेपर्यंत ते बदललं होतं. 'धाकट्या मुलानं सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिला एक लिंक पाठवली आणि वर लिहिलं, हे नक्की कर.'

माझी खोडी काढतंय का कुणी? पण ही वेळ इथे कुणाला माहीत असणार? आईला माहीत होती. आणि वहिनींना.

१८ फेब्रुवारी, सोमवार

माणसं माझ्याशी फार नीट वागायला लागली आहेत. हेच सहन होत नाही. चहाच्या खिडकीत मला पुढे जाऊ देतात. डोळे तपासणाऱ्यांनी आज माझ्यासाठी खुर्ची ओढली, दुखवट्याच्या घरी ओढतात तशी. कुणी काही विचारत नाही. सगळे वाचतात आणि वाट बघतात.

आजचं कार्ड: 'सून रोज ती पानं उकळून तिला द्यायची, कारण भाऊजींनी पाठवलंय म्हणजे पूर्ण वाचूनच पाठवलं असणार.'

मी काढून टाकायच्या आधी पॉलिशवाल्या बाईंनी ते वाचलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

लिहूनच टाकतो. फळ्यावर येण्याआधी निदान माझ्या वहीत तरी येऊ दे.

आईचे गुडघे दुखायचे. मी तिला एका काढ्याची लिंक पाठवली, कुठल्याशा झाडाच्या पानांचा. मथळा वाचला होता, दोन परिच्छेद वाचले होते. आईला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, हे मला ठाऊक होतं. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी हा काढा घेऊ नये, असं त्या पानाच्या तळाशी स्पष्ट लिहिलं होतं. ते मी सतरा दिवसांनी वाचलं, हॉस्पिटलच्या जिन्यात. तोवर आईच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. ती उठली नाही.

त्याच दिवशी चार्जिंगला लावतो असं सांगून आईचा फोन घेतला आणि तो मेसेज दोन्हीकडचा पुसला.

नंतर दादानं वहिनींना विचारलं, हा उद्योग तुला कुणी सांगितला होता. वहिनी म्हणाल्या, भाऊजींनी आईंना पाठवलं होतं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी असलं कशाला पाठवीन? वहिनींनी आईचा फोन घेतला, वरखाली सरकवला, पुन्हा सरकवला. मग माझ्याकडे बघितलं.

त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून दादा त्यांच्या हातचा चहा घेत नाही. स्वतः उठतो, एक कप करतो आणि भांडं विसळून ठेवतो. हे मी सहा-सात वेळा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दर वेळी वाटलं, आता सांगावं. मग ही दूरची नोकरी शोधली.

लाज वाटते हा शब्द फार छोटा पडतो.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आज वेचणी लावलीच नाही. बरं वाटत नाही असं साहेबांना सांगितलं. खाली गेलो तर फळ्यावर कोरी पानं आणि खाली कार्ड. 'फोन चार्जिंगला लावतो, असं तो म्हणाला.'

साहेबांना म्हणालो, मला दुसरं काम द्या, कपाटं लावतो, धूळ पुसतो. ते म्हणाले, की लेख फार चांगला चाललाय, सगळे वाचतायत, फक्त शेवटचं वाक्य अजून आलेलं नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल, म्हणाले.

चेष्टा नव्हती. त्यांना खरंच शेवट वाचायचा होता.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दादाचा फोन. वहिनी सकाळपासून घरात नाहीत. कपडे, पर्स, सगळं जागच्या जागी. फक्त आईचा जुना फोन नेलाय. मला काही कळवलंय का, असं विचारत होता. त्याचा आवाज कापत होता. दादाचा आवाज असा मी आईच्या वेळीही ऐकला नव्हता.

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंसुद्धा.

मी म्हणालो, नाही रे, मला काही माहीत नाही. काम आहे म्हणून ठेवून दिला.

मी कसला माणूस आहे?

२५ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. दादाला मेसेज लिहायला घेतला. 'दादा, तो काढा मी' इथपर्यंत नीट येतं. पुढे बोटं आपोआप चालतात. तीनदा लिहिला, तिन्ही वेळा शेवटी तेच — याविषयी अजून संशोधन चालू आहे.

पाठवला नाही. कसा पाठवणार?

आजचं कार्ड: 'सून त्याच्या गावाला पोचली.'

२६ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ

फाडलेली कार्डं परत आली. सगळी. फळ्यावर ओळीनं, जिराफापासून. फाटल्याची खूण कुठेच नाही —

माझ्या बोटांना शाई. मी आज काही लिहिलेलं नाही.

मंगळवार, अकरा

दरवाज्यावरच्या बाईंचा फोन. कुणी एक बाई आल्या आहेत. नाव सांगितलं नाही. मला बोलावू का विचारलं तर म्हणाल्या, घाई नाही, आधी वाचून होऊ दे.

फळ्यापाशी उभ्या आहेत. पहिल्या कार्डापासून वाचतायत.

अकरा वीस

खिडकीतून बघितलं. पॉलिश खातं रिकामं. यंत्रं बंद. सगळे खाली, कप हातात, भिंतीला लागून उभे — त्यांना वाट करून देत. कुणी चहा पीत नाही.

नव्या चष्म्यातून सगळं स्वच्छ दिसतं. वहिनींची ती हिरवी शाल. हातात आईचा फोन. पडदा उजळलेला.

मागच्या दारानं जाता येईल — साहेब उभे आहेत तिथे. अडवत नाहीत. नुसते बघतायत.

जिना. पावलं. एकटीचीच —

वहिनी आत आल्या. रागावलेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर —

कोरं कार्ड टेबलावर ठेवलं. सगळं वाचलं, म्हणाल्या. एकच वाक्य राहिलंय. भाऊजी, तेवढं तुमच्या हातानं लिहून द्या, तुमच्या दादांना दाखवते, मग त्यांना चहा करीन. एवढंच म्हणाल्या. चहा करीन.

लिहितो. लिहितो, वहिनी. आधी इथे वहीत, मग कार्डावर. सोपं आहे. सहा-सात शब्द.

आईला तो काढा पाठवला तो —

नाही. पुन्हा. खोडतो. पुन्हा.

आईला तो काढा मी —

त्या वाकून वाचतायत. दारात साहेब, त्यांच्यामागे सगळे. कुणीतरी माझा चष्मा सरळ केला. आता लिहितोच —

आईला तो काढा कुणी पाठवला, याविषयी अजून सं