तळहातावरचं पाणी

शनिवार, खारघर

माझ्या बाप्तिस्म्याला आठवडा राहिला. वर्षभर चर्चच्या मोठ्यांसाठीच्या शिकवणीला जातेय, तरी आज चर्चच्या दारातलं पवित्र पाणी बोटाने कपाळाला लावायचं सोडून तळहातावर घेतलं आणि तीर्थासारखं पिऊन टाकलं! माझी गॉडमदर होणाऱ्या लीनाआंटी हसल्या. "टेन्शन नको घेऊ, आत गेलं ना!"

घरी आले तरी तळहात ओलाच वाटत होता. सगळं कसं पाण्याखालून पाहिल्यासारखं धूसर. आई देवापुढे दिवा लावत होती. कित्येक दिवस ती बाप्तिस्म्याच्या विषयावर बोललेलीच नाही. येशील का, हे कसं विचारू? नुसतं तळहातावरच्या पाण्याचं सांगितलं.

ती वात सारत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी डोक्यावर ओततात ना? तुझे केस लवकर वाळत नाहीत. टॉवेल घेऊन येईन मी."