सतरा सेकंद नाबाद

१२ जानेवारी २०१४, रविवार

खांबावर तळहात आपटल्याचा आवाज. ठप्प! मागोमाग धुळीत घसरलेले पाय आणि कुणाचं तरी खच्चून "खो!" पहाटे अर्धवट झोपेत स्वच्छ ऐकू आलं. डोळे उघडले तर परदेशातलं मुलाचं घर, बुकित पंजांग, नववा मजला, खाली एलआरटी रेल्वेची घरघर. सांगलीचं मैदान सुटून तेरा वर्षं झाली. पण आवाजाला हे कोण सांगणार!

संध्याकाळी सईच्या युनिव्हर्सिटीचा सामना पाहायला गेलो. फ्लॅग फुटबॉल. पोरींच्या कमरेला दोन फिती. चेंडू घेऊन पुढे पळायचं; समोरचीने फीत ओढली की तिथंच थांबायचं. आमची नात चेंडू फेकते. तो घेऊन पळणारी ह्युई लिंग नावाची मुलगी आहे. पायात वारा, पण धावते कशी, तर पत्र टाकायला निघाल्यासारखी. नाकासमोर. दर वेळी फीत गेली. मला राहवेना. दोरीपाशी जाऊन ओरडलो, "हूल दे गं, हूल! खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे!" मराठीत! अख्खं मैदान वळून बघायला लागलं.

सई: "आजोबा! सो पायसेह लाह!" म्हणजे लाज आणली.

हरल्या. मग त्यांचा कोच डेस्मंड (तिशीचा, दिवसा ऑफिस, संध्याकाळी शिट्टी) सईला म्हणाला, हे अंकल काय सांगत होते? तिने सांगितलं, आजोबा अठ्ठावीस वर्षं एका कॉलेजात खो-खोचे कोच होते, तेही फक्त पळतीचे. म्हणजे ज्यांनी सापडायचं नाही त्यांचे. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "माझ्याकडे नेमकं हेच शिकवणारं कोणी नाही. फेब्रुवारीअखेरपर्यंत येऊन दाखवा. जमलं तर पुढच्या मोसमाच्या कोच लोकांच्या यादीत तुमचं नाव घालतो."

यादीत नाव! वय एकाहत्तर!

सांगलीत सकाळी ग्रंथालयात कारकून, संध्याकाळी मैदान. यादीत नाव कायम मोठ्या सरांचं. करंडकाच्या फोटोत मी आहे, पण अर्धा. कडेला. हातात पोरांच्या चपला.

हिला सांगितलं. "अहो, गुडघ्यांना विचारलंत का आधी?"

१५ जाने., बुध.

पहिला सराव. पळणाऱ्या तिघी. बाकीच्या आठजणींना ओळीत बसवलं, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि तिघींना त्यांच्यामधून नागमोडी पळवलं. आमची साखळी. बसलेल्या पोरी खिदळतायत, गवत टोचतंय म्हणतायत.

मग गंमत केली. नववीत परांजपे मास्तर टेबलावर डस्टर आपटून वृत्तं शिकवायचे. य गण: लगागा. एक आखूड, दोन लांब. असे चार ओळीत आले की भुजंगप्रयात. सापाची चाल! मी सांगलीतही पोरांना यावरच पळवायचो. पावलं तीन, पाय दोन, म्हणून आखूड पाऊल एकदा डाव्यावर पडतं, एकदा उजव्यावर. दिशा आपोआप बदलते. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. सापाला असण्याचा प्रश्न नाही, त्याला पायच नाहीत.

ह्युई लिंग तोंडाने म्हणत पळते, "लगागा, लगागा." चिनी गळ्यात भुजंगप्रयात! मास्तर, ऐकताय ना?

१६ जाने.

पोटऱ्या. मलम. दिवसभर पडून. आनंदात.

१८ जाने., शनि.

ह्युई लिंगच्या पायांना कळलं. एकदम कळलं. डोक्याला अजून नाही, पण पायांना कळलं की झालं.

संध्याकाळी घराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये हूल करून बघत होतो. शेजारचे मि. टॅन कुंड्यांना पाणी घालायचं थांबून बघत राहिले. ही दारातून: "अहो, इथं पाय मोडलात तर सांगलीपर्यंत खांद्यावर न्यायची नाही मी."

मि. टॅन यांना मराठी येत नाही, पण मान डोलावली.

२५ जाने., शनि.

काय लिहू.

सामना. ह्युई लिंगच्या हातात चेंडू. एक चुकवली, दोन, चार! फीत कुणाच्या हाताला लागेना. प्रेक्षक उभे. मी घड्याळ धरून नाचतोय. एकोणीस सेकंद! सांगलीत एकोणीस सेकंदांत तिने तिघांना घामाघूम केलं असतं. शेवटी सापडली तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो, आणि आसपास कोणीच वाजवत नव्हतं.

ती निघाली होती तिथून चार यार्ड मागे आली होती.

असं पाच वेळा झालं. हरल्या.

डेस्मंड माझ्या शेजारी येऊन बसला. "अंकल, फार सुंदर पळाली. पण आम्ही मागे मागे जातोय."

खरं आहे. आमच्या खेळात पळणाऱ्याला कुठे पोचायचं नसतंच. वेळ काढायचा. सापडला नाही की जिंकला. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना सापडू नका एवढंच शिकवलं. पुढे जा असं एकालाही कधी म्हटलं नाही.

२८ जाने., मंगळ.

सईकडून डेस्मंडचा निरोप. उद्या सरावाला आला नाहीत तरी चालेल. ती इंग्रजीत सांगत होती, खाली बघून. "ही सेड मेबी यू रेस्ट फर्स्ट." 'मेबी' मला समजतं.

२ फेब्रु., रवि.

चिनी नववर्ष. लिफ्टमध्ये सगळ्यांच्या हातात संत्री, सगळे लाल कपड्यांत. महिनाभर पाऊस नाही. इथलं गवतही पिवळं पडतं हे पहिल्यांदा पाहिलं.

खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, खांबांच्या सावलीत, सईच्या जुन्या खडूने फरशीवर पावलं काढत बसलो. लघु आणि गुरू. आधी तिन्ही आडवी काढली, मी शिकवली होती तशी. पुसली. मग आखूड तेवढं बाजूला, लांब दोन्ही पुढे. उभा राहून चाललो. पुढे गेलो! पुन्हा चाललो. पुन्हा पुढे!

चाल तीच. नुसता गुरू वळवायचा होता.

वर जाऊन सईला ओढत आणलं. तिने बूट न घालताच पळून बघितलं. टोकाला पोचली, वळली, कमरेवर हात. "आययाह आजोबा, व्हाय यू नेव्हर से अर्लियर!"

"अगं, मलाच आत्ता कळलं."

"आय टेल कोच. बट यू डोन्ट शाउट, ओके?"

ओके.

५ फेब्रु., बुध.

डेस्मंड: "फक्त अर्धा तास." दोन तास झाले तरी पोरी सोडेनात. मी स्वतः टोकाला जाऊन उभा राहिलो. म्हटलं, कुणालाही चुकवा, पण माझ्यापर्यंत या. ह्युई लिंग इतक्या जोरात आली की मी बसलोच. तोंडाला हात लावून हसत होती. मग उचलायला आली.

हिला पडल्याचं सांगितलेलं नाही.

८ फेब्रु., शनि.

जिंकल्या!!! यंदाचा पहिला विजय. ह्युई लिंग दोनदा शेवटच्या रेषेपार. डेस्मंडने माझ्या पाठीवर थाप मारली, चष्मा पडला.

मिलिंद ऑफिसातून हार्बरफ्रंटवरून थेट मैदानावर आला होता. माझा मुलगा. कॉलेजात असताना माझं मैदान बघायला एकदाही आला नाही. आज म्हणतो, "बाबा, तुम्ही हे करत होता होय?"

१५ फेब्रु., शनि.

पुन्हा जिंकल्या. घसा बसलाय. ओरडलो नव्हतो.

(थोडा.)

२२ फेब्रु., शनि.

शेवटचा सामना.

समोर दुसरी युनिव्हर्सिटी, वर्षभरात न हरलेली. त्यांची कोच फरिदा, उंच, हिजाबवर टोपी, सगळा सामना एकाच जागी हाताची घडी घालून उभी. आमच्या पोरी एका गुणाने पुढे. सतरा सेकंद उरलेले. आमचा शेवटचा प्रयत्न. फीत गेली की चेंडू त्यांचा, आणि त्यांच्यात एक मुलगी अशी की एका फेकीत सामना पालटवते.

डेस्मंडने हात पुढे केला. म्हणजे सरळ घुस; दोन यार्ड पुढे गेली की चेंडू आमच्याकडेच राहतो. समोर त्यांच्या चौघीजणी भिंतीसारख्या.

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं.

"ह्युई लिंग! साखळी! जुनी!"

हे दोन मराठी शब्द तिला सरावापासून पक्के येतात. तिने डेस्मंडकडे बघितलं. त्याचा हात अजून पुढेच. मग माझ्याकडे. आणि वळली. मागे!

डेस्मंड किंचाळला. ती आडवी, तिरपी, उलटी. आखूड, लांब, लांब. त्यांच्या दोघी एकमेकींवर आपटल्या. दहा सेकंद. तिसरीच्या बोटांना फीत चाटून गेली. चौदा. पार आमच्या टोकापर्यंत मागे आलेली, पाठीशी जागा नाही. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

शिट्टी.

कमरेला दोन्ही फिती. नाबाद!

पोरींचा ढीग झाला, त्यात मी कसा गेलो माहीत नाही. सई रडत होती, मराठीत. फरिदाने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं, असं रोखून की मी नजर फिरवली.

डेस्मंडने सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याशी शेवटी. "अंकल, तुमचं बरोबर निघालं. पण मैदानावर कोच एकच असतो." यादी तीन तारखेला, सोमवारी, द्यायची आहे. विचार करतो म्हणाला.

घरी आल्यावर ही: "तोंडाला कुलूप लावता येत नाही का हो तुम्हाला? जिंकून आलात आणि चेहरा हा असा!"

२६ फेब्रु., बुध.

फोन नाही. सराव संपला, त्यामुळे भेटही नाही.

जेवताना मिलिंद: "बाबा, त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत?"

मला काढलं असतं. भात चिवडत बसलो.

१ मार्च, शनि.

लिटिल इंडियातून येताना बसमध्ये तिघीचौघी मुली भेटल्या, आमच्या नव्हेत, त्या हरलेल्या संघातल्या. कुजबुजल्या, मग एकीने उठून मला जागा दिली. "अंकल, लगागा, राइट?" माझा थांबा येईपर्यंत सगळ्या हसत होत्या. माझे कान गरम. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सोमवार परवा.

२ मार्च, रवि., दु. ४.१०

घाईत लिहितोय. बेल वाजली, ही गेली. तिथूनच: "अहो, कोणीतरी उंच बाई आलीय. आधीच चपला काढून उभी! तुमचं नाव घेतेय."

बनियनवरच बाहेर गेलो. ग्रिलपलीकडे कोच फरिदा! हातात डबा, घरी केलेली केळ्याची भजी, अजून गरम. ह्युई लिंग शाळेत तिच्या हाताखाली होती म्हणे, पत्ता तिच्याकडून घेतला. मी नुसताच या, या करत राहिलो. बसायच्या आधीच म्हणाली, "सतरा सेकंद. मीही मोजत होते." आणि मग, "अंकल मंगळवार-गुरुवार मोकळे असतात का? माझी यादी उद्या जाते. नाव लिहून आणलंय, स्पेलिंग फक्त बघा."

लिहून आणलंय!

सई खोलीतून बाहेर आली. फरिदाला बघून जागच्या जागी थांबली, मग माझ्याकडे बघून: "आजोबा. डोन्ट यू डेअर."

शर्ट घालतो म्हणून आत आलोय. बटणं चुकीच्या काजात जातायत. डेस्मंडचा अजून फोन नाही. सई दाराबाहेर उभी आहे, तिची सावली दिसतेय खालच्या फटीतून. हिने चहा टाकलाय.

"अहो, शर्ट शिवताय का आत? काय सांगू यांना?"