मॉसला ऐकू जाईल असा दात

४ ऑगस्ट, सोमवार
एडक्याने धडक दिली! फाटकाच्या लोखंडावर तोंड आपटलं, पुढच्या दाताचा कोपरा गेला. दुखतंय त्याचं काही नाही — शीळ गेली! फुस्स, नुसती हवा. सोळाला मेंढरं हाकायची स्पर्धा, आणि माझ्या शिळेच्या हुकमावर मेंढरं वळवणारा कुत्रा मॉस, दहा वर्षांचा. त्याची ही शेवटचीच. गेल्या साली एक मेंढरू मेंढवाड्यात शिरलं नाही आणि कप हुकला. यंदा सोडणार नाही!

५ ऑगस्ट
दातांची डॉक्टरीण, नेरिस. पोरगीच आहे. म्हटलं, चांदी भर. माझ्या दाढेत वीस वर्षं आहे, हलली नाही.
"ग्लेनिस मावशी, चांदीला धरायला खड्डा लागतो. कोपऱ्यावर टिकायची नाही. आणि पुढे काळी दिसेल."
दिसू दे! मेंढरं काय तोंड बघतात?
शेवटी घाईघाईत सिमेंट लावलं. "तात्पुरतं आहे हं. सफरचंद चावू नका."

७ ऑगस्ट
सिमेंट खरखरीत. शीळ येते, पण घोगरी. मॉस जवळ असला की ऐकतो, टेकाडावर गेला की नाही. सारखा वळून माझ्या तोंडाकडे बघतो — दात बघतोय की काय!
शेजारचा इथेल भिंतीवर रेलून हसतो. "बाजारातली शिट्टी घे की बये! दाताला कशाला छळतेस?"
तू गप. मॉसला पिल्लू असल्यापासून माझंच तोंड ठाऊक.

८ ऑगस्ट
सिमेंट निघालं. सफरचंद.

११ ऑगस्ट
पांढरं भरलं! मेणासारखं मऊ असतं, थरावर थर लावतात, आणि निळ्या उजेडात त्याचा दगड होतो. खुर्चीतच शीळ घातली. बाहेर बसलेला म्हातारा दचकून ओरडला. पण फारच तीक्ष्ण!
"थोडं घासते," नेरिस म्हणाली. घासलं — शीळ. घासलं — शीळ. मग एकदम आली! माझी शीळ, जुनी! मी तिला मिठीच मारली, तोंडातली नळी तशीच लोंबत.

१३ ऑगस्ट
मॉस ऐकत नाही. चिनीमातीचा दात म्हणे आणखी गुळगुळीत, पण बनून यायला दोन आठवडे. इथे परवाच्या पलीकडे स्पर्धा!

१४ ऑगस्ट
जमलं! जमलं! 'बस'ची लांब शीळ घातली, आणि भिंतीपलीकडे इथेलची नेल धप्पकन खाली! नेल मॉसची लेक, मीच शिकवून त्याला दिलेली. इथेल बोंबलतोय, "माझ्या कुत्रीला का बसवतेस गं?"
म्हणजे दात बरोबर! शंभर टक्के बरोबर!
मॉस तेवढा चालतच राहिला. हट्टी झालाय म्हातारा.

१५ ऑगस्ट
मॉस चुलीजवळ झोपला होता. मागे उभी राहून शीळ घातली, होता नव्हता तेवढा जोर लावून. कपाटातल्या बशा वाजल्या. तो हलला नाही.
मग पाय आपटला. खालच्या फळ्या हादरल्या तसा उठला, शेपूट हलवत, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.