जखमी अस्वलामागे जाण्यापूर्वीची व्यवस्था

अस्वल जिवंत आहे. आज दुपारी तीन वाजता आमच्या शिकारी मंडळाचे प्रमुख मोरितासान यांनी मक्याच्या शेताच्या कडेला ताजं रक्त आणि चिखलात उमटलेला पंजा पाहून तशी खात्री दिली. रक्त काळपट आहे आणि त्याला पोटातल्या घाणीचा वास येतो. म्हणजे माझी गोळी आतड्यात लागली. असं जनावर काही दिवस जगतं आणि तेवढ्या दिवसांत समोर येईल त्याला फाडतं. आमच्यात रीत अशी की ज्याने जखमी केलं, त्याने मागावर सगळ्यांत पुढे चालायचं. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, प्रल्हाद मुकुंद केळुसकर, वय ५८, मूळ राहणार पुणे, नंतर बारा वर्षं योकोहामा आणि गेली चौदा वर्षं पूर्व होक्काइदोतलं नाकाबेत्सु गाव, हे सगळं स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. उद्या बंदूक उचलायची असल्याने आज थेंबभरही घेतलेली नाही. यापूर्वी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं. इथे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, आपल्याकडे दोन लागतात. पुण्याच्या फ्लॅटसाठी दोन घेतले आहेत.

१. कोथरूडच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा पत्नी दीप्ती हिला. उरलेला अर्धा थोरले बंधू बाळासाहेब यांचा आहेच. आईच्या तेराव्याला त्यांनी मला पंगतीतून उठवलं होतं. "कसायाच्या शेजारी बसून जेवायचं का आम्ही?" दादा, आठ वर्षं मी उत्तर दिलं नाही, आता देतो. मी मारलेल्या प्रत्येक जनावराकडे मी नीट बघितलं आहे. तुम्ही मला उठवताना पानाकडे बघत होता. दीप्ती तिथे राहायला आली तर कुलूप बदलू नका.

२. बँकेतल्या ठेवी आणि हे घरही दीप्तीचं. दीप्ती, शहरातली, एदोगावा भागातली शाळेची नोकरी सोडून तू या गवतात आली नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. येताना दर वेळी भाजणी आणलीस. फ्रीजर मात्र एकदाही उघडला नाहीस. आताही उघडू नकोस, मांस मंडळाचे लोक वाटून घेतील.

३. रायफल कोणालाही वारसा म्हणून देता येत नाही. दीप्तीने पोलिसांना कळवावं. पुढचं ते सांगतील. कपाटाची किल्ली कुठे आहे ते मी तिला फोनवर सांगितलं आहे, इथे लिहीत नाही.

४. कातडी सोलायची सुरी मोरितासानना. तिच्याबरोबर एक कबुली. पिकं वाचावीत म्हणून मारतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मला आवडतं. मैलभर गवत, वारा समोरून, दोनशे मीटरवर दीडशे किलोचं नर हरीण. श्वास अर्धा सोडायचा आणि बोट दाबायचं. ते एक उडी मारतं, पुढचे पाय दुमडतात, धप्प आवाज इथवर येतो. पोट फाडलं की वाफ उठते. गारठलेले हात मी कोपरापर्यंत आत घालतो आणि ऊब मिळते. काळीज सोडवून घेतलं की तळव्यात अजून थरथरत असतं. संगणकासमोरच्या तीस वर्षांत असा एक क्षण मला मिळाला नाही.

५. दुर्बीण मुलगी सई हिला, आणि हे पुढचंही. सई, तुला देवनागरी वाचायला वेळ लागतो, तरी आईकडून वाचून घेऊ नकोस.

काल सकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला. एवढ्या वर्षांत तू पहिल्यांदा म्हणालीस, "पापा, मिसेते." दाखव मला. हरीण नुकतंच पडलं होतं. पडलेल्या जनावरापाशी गवताकडे पाठ करायची नाही, बंदुकीच्या आवाजावर अस्वलं जेवायला येतात, हे मी नवख्यांना ओरडून शिकवतो. पण तुला हरीण, डोंगर आणि मी एकत्र दिसावं म्हणून मी पाठ केली. तूच किंचाळलीस, "पापा, उशिरो! मागे!" अस्वल पंचवीस पावलांवर होतं. फोन टाकला, नेम न धरता गोळी झाडली. त्याने वळून स्वतःच्याच पोटाला चावा घेतला आणि ते गवतात शिरलं.

पुढचं तू फक्त ऐकलंस. ते केकाटणं कुरोचं, अस्वलामागे गवतात धावलेल्या मोरितासानच्या कुत्र्याचं. सापडला तेव्हा त्याला खालचा जबडा नव्हता आणि शेपटी हलत होती. मोरितासाननी स्वतः गोळी घातली. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, "प्रल्हादसान, कुरोने त्याचं काम केलं. तुम्ही तुमचं करा."

रात्रीपासून तू तीनदा म्हणालीस, मी फोनच केला नसता तर. सई, पाठ मी केली. तू ओरडलीस म्हणून हे लिहायला उरलो. उद्या काहीही झालं तरी ते माझ्या गोळीचं असेल, तुझ्या फोनचं नाही. बाकीची कलमं कोणी मोडली तरी चालतील, हे मोडू नकोस.

६. अस्वलाने जे काही ठेवलं असेल त्याचं दहन इथेच करावं. पुण्याला काही नेऊ नये.

साक्षीदार जयेश आणि केतकी सेंदाईहून माझ्याकडे चार दिवस मजेला आले होते. साक्षीदारांना काही ठेवलेलं नाही, हे ऐकून जयेश म्हणाला, "निदान ते जाड जॅकेट तरी?" केतकी म्हणाली, "गप रे, ते उद्या त्यांच्या अंगावर असणार आहे."

सूर्य पाच चाळीसला उगवेल. त्याआधी गोळी झाडायला बंदी आहे. आम्ही चौघे मक्याच्या शेतापासून निघू. मोरितासानच्या मते अस्वल आपल्याच पावलांवर उलटं फिरून मागाच्या कडेला गवतात दबून बसेल आणि पहिला माणूस दहा पावलांवर आला की उठेल. त्यांना वाटतं, एक गोळी झाडण्यापुरता वेळ मिळेल.

स्थळ: नाकाबेत्सु, होक्काइदो
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी सहा

(सही व शिक्का) प्रल्हाद मुकुंद केळुसकर

आमच्या देखत सही झाली:
१. जयेश पाठारे, सेंदाई
२. केतकी पाठारे, सेंदाई