भीतीची बाटली

आये, आज इस्पितळात तुझ्या सुनेच्या खाटेखाली लघवीची बाटली दिसली आणि तू आठवलीस. हसू नकोस.

मी तेव्हा भोर डेपोत नवा कंडक्टर. किकवीच्या खळ्यावर आबांच्या छातीत कळ आली आणि आपण त्यांना टेम्पोत घालून पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. ज्या आबांना कधी सापाचं भ्या वाटलं नाही, ते सारखे म्हणतायत, "म्या आता वाचत न्हाई." डॉक्टर त्यांना एक बारीक गोळी देतात आणि दिवसभराची लघवी खाटेखालच्या बाटलीत साठवायला सांगतात. दुसऱ्या दिवशी पालीहून तुझी माहेरची माणसं भेटायला यायची होती. पाहुण्यांसमोर असली घाण कशी ठेवायची? तू ती मोरीत ओतलीस आणि बाटली घासून लख्ख केलीस!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, काय केलंत हे! माणसाची भीती लघवीत उतरते. आम्ही ती मोजतोय." मग त्यांनी नीट समजावलं. झटका आलेला माणूस घाबरला की रक्तात एक द्रव्य वाढतं, तेच लघवीत उतरतं, आणि त्यानं दमलेलं हृदय आणखी दमतं; भीती कमी करणाऱ्या गोळीनं ते टळेल का, याचा अभ्यास चाललाय. काहींना खरी गोळी, काहींना नुसती पिठाची, आणि कुणाला कुठली हे त्यांनाही ठाऊक नाही.

माझी तर मतीच गुंग झाली. काळजातली धडधड बाटलीत उतरते, आणि एवढा शिकलेला माणूस सरळ 'ठाऊक नाही' म्हणतो! अजून अंगावर काटा येतो बघ. तू मात्र पदर सावरत म्हणालीस, "मग डाक्टर, माजी बी मोजा की. बाटली लई भरंल." सगळा वॉर्ड हसला. आबासुद्धा हसले, तिथं आल्यापासून पहिल्यांदा. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तुला बसायला स्टूल आणून दिलं.

आबा त्यातून उठले, पुढं कितीतरी सुग्या त्यांनी पाहिल्या. गोळी खरी होती का पिठाची, ते कधी कळलं नाही. तुझी भीती मात्र कुणी मोजली नाही.

आज तुझ्या सुनेला तसाच झटका आलाय. मघाशी तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हणालो, "मला काय धाड भरलीये!" हा कागद कुठल्याच एसटीनं तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून खिशातच ठेवतोय, आणि तुलाच सांगतो. खोटं बोललो, आये. माजी बी बाटली लई भरंल.